प्राणिकथांतील प्राणघातक कपट : एक पुनर्विचार

१

लोककथेच्या अभ्यासाला शास्त्राची बैठक देण्याचे जे प्रयत्न विसाव्या शतकात झाले, त्यांत स्टिथ टॉम्प्सन याने रचलेल्या कल्पनाबंधांच्या सूचीचे स्थान फार मोठे आहे. १९३२ ते १९३६ या काळात प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि १९५५ ते १९५८ या काळात सुधारून वाढविलेल्या या सूचीत ‘के’ हे अक्षर फसवणुकीच्या कल्पनाबंधांना दिलेले आहे, आणि त्यातील ८०० ते ९९९ हे क्रमांक प्राणघातक फसवणुकीसाठी राखून ठेवलेले आहेत. मासे दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडतो असे सांगून ते गिळणारा बगळा याच विभागात सापडतो. पण सिंहाला विहिरीत त्याचेच प्रतिबिंब दाखवून बुडविणारा ससा येथे नाही. तो पुढे, बतावणीच्या विभागात, गेलेला आहे. सिंह मेला तरी सशाचे कृत्य बतावणी ठरते, आणि मासे मेले म्हणून बगळ्याचे कृत्य घातक फसवणूक ठरते. सूचिकाराला बाह्य लक्षणांवर भागवावे लागते, त्यामुळे त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु या विभागणीमुळे एक प्रश्न उघडा पडतो, आणि तो सूचीच्या कक्षेबाहेरचा, समीक्षेच्या कक्षेतला आहे : एका कपटाने झालेला मृत्यू आणि दुसऱ्या कपटाने झालेला मृत्यू यांत कथा स्वतः काही भेद मानते काय? आणि मानीत असल्यास तो कशाच्या आधारावर?

या प्रश्नाचे रूढ उत्तर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. दुर्बलाने बलवंताविरुद्ध वापरलेले कपट ती ‘युक्ती’, आणि दुष्टाने भोळ्याविरुद्ध वापरलेली युक्ती ते ‘कपट’. शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून सशाच्या गोष्टीखाली ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ हे तात्पर्य छापले जाते आणि बगळ्याच्या गोष्टीखाली ‘ढोंग्यावर विश्वास ठेवू नये’ हे. ‘बकध्यान’ आणि ‘बगळाभगत’ हे शब्द मराठीत शिवीच्या जवळ जातात, ससा मात्र मुलांचा लाडका राहतो. याच्या उलट टोकाला पाश्चात्त्य अभ्यासकांत रूढ झालेले एक मत आहे. त्यानुसार या कथांना नीती अशी नाहीच. धूर्तपणाचा गौरव हेच त्यांचे तात्पर्य, आणि पंचतंत्र हे राजकारणी डावपेचांचे पाठ्यपुस्तक होय. पंचतंत्राच्या पाठांचा अपार परिश्रमाने शोध घेणाऱ्या योहान्नेस हर्टेल याचाही कल याच बाजूला होता.

प्रस्तुत लेखकाला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिले उत्तर कपट करणाऱ्याकडे पाहते : तो दुबळा की बळकट, सज्जन की दुर्जन. दुसरे उत्तर फळाकडे पाहते : डाव साधला की फसला. मरणाऱ्याकडे दोघांचेही लक्ष नाही. वस्तुतः या कथांचा सारा भार मरणाऱ्यावर आहे. प्राणिकथेतील घातक कपटाचे एक वैशिष्ट्य असे, की त्यात मारणारा बहुधा बळ वापरीत नाही. बळी आपल्या पायांनी मृत्यूकडे चालत जातो. तेव्हा तो कशाच्या ओढीने चालत गेला, आणि वाचावयाचे तर त्याला आपल्या स्वभावातील काय सोडावे लागले असते, हा प्रश्न विचारला पाहिजे. तो विचारला म्हणजे एकाच साच्याच्या वाटणाऱ्या या कथांत एक खोल भेद दिसू लागतो, आणि कथापरंपरेला तो भेद ठाऊक होता, इतकेच नव्हे, तर त्याने ती अस्वस्थही झाली होती, असे आढळून येते.

२

आरंभ बगळ्याच्या कथेपासून करणे सोयीचे आहे, कारण तिची संस्कृत व पालि अशी दोन जुनी रूपे आपल्यापुढे आहेत. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रात म्हातारा झालेला बगळा तळ्याकाठी अश्रू ढाळीत उभा राहतो. तळ्यावर संकट येणार असल्याची वार्ता तो जलचरांना सांगतो. ते संकट काही पाठांत अवर्षणाचे आहे, तर काहींत कोळ्यांचे. मासे भयाने त्याला शरण जातात, एकेक करून खाल्ले जातात, आणि अखेर खेकडा हाडांचा ढीग पाहून सर्व काही ओळखतो व बगळ्याची मान तोडतो.

फॉसब्योल याच्या आवृत्तीतील ३८ व्या क्रमांकाच्या बकजातकात हीच कथा येते, पण तिच्यात एक लक्षणीय भर आहे. येथील मासे भोळे नाहीत. माशांची काळजी वाहणारा बगळा जगाच्या आरंभापासून कोणी पाहिला नाही, असे ते त्याला तोंडावर सांगतात. मग बगळा म्हणतो, तुमच्यातील एकाला माझ्याबरोबर पाठवा, तो दुसरे तळे पाहून येईल. मासे एक मोठा, एकाक्ष मासा निवडतात. बगळा त्याला नेतो, तळे दाखवितो, सुखरूप परत आणतो. तो मासा आपल्या ज्ञातीला खरी साक्ष देतो, कारण तळे खरोखरीच आहे आणि ते उत्तम आहे. त्यानंतर मासे निघतात, आणि पहिला बळी त्या साक्षीदाराचाच पडतो.

ही भर कथेचा अर्थ पालटून टाकते. ‘विश्वास ठेवू नये’ हे तात्पर्य येथे लागूच पडत नाही, कारण माशांनी आंधळा विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी शंका घेतली, पुरावा मागितला, आपला माणूस पाठवून तो तपासून घेतला. विवेकी समाजाने याहून अधिक काय करावे? बगळ्याचे कपट माशांच्या मूर्खपणावर उभे नाही. पुरावा पाहून पटवून घेण्याच्या त्यांच्या शहाणपणावरच ते उभे आहे. सत्य साक्ष हेच येथे असत्याचे साधन झालेले आहे.

याच जातकातील खेकडाही नीट पाहावयास हवा. चोचीत धरून नेण्यास तो नकार देतो आणि आपल्या नांग्यांनी बगळ्याची मान धरून जातो. वाटेत सत्य उघडकीस आल्यावर तो बगळ्याला परत तळ्याकडे वळावयास लावतो. प्राणभयाने रडणारा बगळा त्याला काठाच्या चिखलात उतरवितो. या क्षणी खेकडा सुरक्षित आहे, आत्मरक्षणाचे प्रयोजन संपलेले आहे. आणि तेव्हाच, कमळाचा देठ कापावा तशी, तो मान कापतो. हे कृत्य बचावाचे नसून शिक्षेचे आहे. जातककाराने हा फरक ओळखला होता असे म्हणावयास आधार आहे. कथेच्या शेवटच्या समवधानात बगळा म्हणजे जेतवनातील चीवरे शिवणारा लबाड भिक्षू, आणि खेकडा म्हणजे त्याला फसविणारा खेड्यातील दुसरा लबाड, असे सांगितले आहे. बोधिसत्त्व खेकडा नव्हे. तो आहे हे सारे पाहणारी वृक्षदेवता. विजयी कपटाला कथेने यश दिले, पण पुण्य दिले नाही. पुण्य तिने साक्षीच्या स्थानी ठेवले. दुर्गा भागवतांच्या ‘सिद्धार्थ जातका’मुळे जातकांचे भांडार मराठी वाचकाला खुले झालेले आहे. ‘जशास तसे’ या एका वाक्यात ही कथा गुंडाळणाऱ्याने तिचे समवधान एकदा तरी वाचावे.

३

आता सशाकडे वळू. भासुरक सिंह रोज अनेक प्राणी मारतो. प्राणी त्याच्याशी करार करतात की रोज एक प्राणी आपण होऊन येईल. सशाची पाळी येते. तो उशिरा पोहोचतो, वाटेत दुसऱ्या सिंहाने अडविल्याचे सांगतो, आणि भासुरकाला विहिरीच्या काठावर नेऊन त्याचेच प्रतिबिंब दाखवितो. येथेही बळी आपल्या पायांनी चालत जातो. पण वाचण्यासाठी त्याला काय सोडावे लागले असते? केवळ अहंकार आणि क्रोध. या वनात दुसरा राजा असू शकतो ही कल्पना सहन करून तो क्षणभर थांबला असता तर वाचला असता. सशाने वापरलेले हत्यार सिंहाच्याच दुर्गुणातून आलेले आहे, आणि विहिरीतील प्रतिबिंब हे त्याचे समर्पक चित्र आहे : त्याला मारणारा तोच आहे. करार मोडल्याचा दोष सशावर येत नाही, कारण मृत्यूच्या भयाने केलेल्या करारात विश्वासाचा अंश नव्हताच.

म्हणून बगळा आणि ससा यांच्यातील भेद दुर्बल-सबल हा नव्हे. बगळाही म्हातारा व दुबळा आहे. पोट भरण्याची शक्ती उरली नाही म्हणूनच तो कपटाकडे वळतो. भेद असा, की ससा बळीच्या दोषाचा उपयोग करतो आणि बगळा बळीच्या गुणाचा. पहिल्या प्रकारच्या कथेने ऐकणाऱ्याला हायसे वाटते, दुसऱ्या प्रकारच्या कथेने त्याच्या पायाखालची जमीन सरकते.

परंतु येथेच पंचतंत्राच्या रचनेतील एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी, आणि सुट्या कथा वाचणाऱ्याच्या ती नजरेतून निसटते. सशाची कथा पंचतंत्रात सांगतो कोण? दमनक. बगळ्याची कथाही त्याच्याच तोंडी, कावळा आणि साप यांच्या कथेच्या पोटात, येते. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री फोडून आपले गेलेले महत्त्व परत मिळवावयाचे, असा बेत त्याने केलेला आहे. हे जमेल कसे, अशी शंका करटक घेतो, आणि तिचे उत्तर म्हणून दमनक या कथा सांगतो. म्हणजे प्राण वाचविण्यासाठी धडपडणाऱ्या दुबळ्यांच्या कथा येथे एक महत्त्वाकांक्षी सेवक आपल्या घातकी बेताच्या समर्थनार्थ वापरीत आहे. त्याच्यावर कोणी झडप घातलेली नाही. त्याची पिल्ले कोणी खाल्लेली नाहीत. गमावलेले आहे ते केवळ दरबारातील स्थान. सशाची कथा आपल्या ठिकाणी निर्दोष असेल. दमनकाच्या मुखी ती निर्दोष राहत नाही.

मौखिक परंपरेत हीच कथा कशी येते ते पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मेरी फ्रियर हिने १८६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ या संग्रहातील कथा तिला ॲना लिबराटा डिसूझा या आयेने सांगितल्या. ॲनाचे घराणे मूळचे लिंगायत. तिचे पूर्वज कालिकतहून येऊन गोव्याच्या परिसरात स्थायिक झाले आणि तेथे आजोबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. कथा तिने आपल्या आजीकडून ऐकलेल्या होत्या. या संग्रहात सिंहराजाला विहिरीत उडी घ्यावयास लावतात ते कोल्हा-कोल्हीण, आणि रानातले बाकीचे प्राणी खाऊन संपल्यावर आता त्यांची पाळी आलेली आहे. या कथेत करटक नाही, दमनक नाही, कथेतून कोणी कोणाला राजनीती शिकवीत नाही. सांगणारी आजी आणि ऐकणारी नात यांच्यामध्ये कथेचा अर्थ ‘दोघे वाचले’ इतकाच राहतो. म्हणजे मौखिक कथेचे निरपराध रूप आणि ग्रंथातील तिचे सापराध रूप यांत कथानकाचा फरक अल्प आहे. फरक आहे तो कथा कोणाच्या मुखी आहे याचा. कथाप्रकारांच्या सूचीत दोन्हींना एकच क्रमांक मिळतो, हे सूचीच्या दृष्टीने बरोबर आहे. समीक्षेला मात्र तेथे थांबता येत नाही.

४

सद्गुणाचा बळी घेणाऱ्या कपटाचे सर्वांत निर्मळ, आणि म्हणून सर्वांत भयंकर, उदाहरण म्हणजे पहिल्या तंत्रातील उंटाची कथा. कळपापासून चुकलेल्या क्रथनक उंटाला मदोत्कट सिंहाने अभय देऊन आश्रयाला ठेवलेले आहे. हत्तीशी झुंजताना सिंह घायाळ होतो आणि त्याच्या परिवाराची उपासमार सुरू होते. कावळा, कोल्हा व चित्ता हे सेवक उंटाला मारण्याचे सुचवितात, परंतु सिंह दिलेले अभय मोडावयास तयार नाही. तेव्हा अभय न मोडता वध करण्याची वाट काढली जाते. प्रत्येक सेवक सिंहापुढे येऊन ‘मला खा’ म्हणतो, आणि काही ना काही कारणाने त्याचे अर्पण नाकारले जाते. हे सारे पाहून उंटाला वाटते की आपणही स्वामिनिष्ठेत मागे राहू नये. तोही पुढे होऊन तेच शब्द उच्चारतो, आणि त्याचे शब्द तत्काळ स्वीकारले जातात.

येथे मरणाऱ्याला वाचण्यासाठी काय सोडावे लागले असते? कृतज्ञता, लाज, आणि इतर जण खरे बोलत आहेत ही सभ्य समजूत. सेवकांचे शब्द आणि उंटाचे शब्द तेच आहेत. फरक एवढाच की त्यांचे शब्द हा नाट्यप्रयोग आहे आणि याचे शब्द खरे आहेत. त्या सभेत खरे बोलणारा एकटाच होता, आणि खरे बोलला म्हणूनच तो मेला. सिंहाचे वर्तन तर अधिकच विचार करावयास लावणारे आहे. त्याने अभय मोडले नाही. त्याने अभय मोडण्याची गरज उरणार नाही अशी व्यवस्था मात्र होऊ दिली. वचनाचे अक्षर पाळून त्याचा प्राण कसा घ्यावा, याचा इतका अचूक आलेख आपल्या कथावाङ्मयात क्वचितच असेल.

ही कथा कोण सांगतो? संजीवक. पिंगलक तुला मारणार आहे, असे दमनकाने त्याच्या कानावर घातल्यावर, क्षुद्र सेवकांनी वेढलेल्या राजापाशी सज्जनाचा निभाव कसा लागत नाही हे सांगण्यासाठी तो ही कथा सांगतो. आणि ती तो सांगतो दमनकालाच. आपल्याविरुद्ध कोणीतरी कान भरले आहेत, हे त्याने अचूक ओळखलेले आहे. कपटाचे स्वरूप त्याला समजलेले आहे, त्याची कथा त्याला पाठ आहे. तो कपटी मात्र समोर हितचिंतक होऊन बसलेला आहे, आणि तेवढा एक चेहरा त्याला ओळखता येत नाही. पुढे दमनकाने दोघांनाही आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे प्रत्येक जण दुसऱ्याच्या अंगावर शत्रुत्वाची लक्षणे शोधू लागतो. सावध झालेल्या बैलाला पाहून सिंहाला खूण पटते, सावध झालेल्या सिंहाला पाहून बैलाला. येथेही पुरावा खराच आहे, आणि तोच पुरावा दोघांना झुंजावयास लावतो. जातकातील एकाक्ष माशाची साक्ष येथे वेगळ्या वेषात परत आलेली आहे.

कथा माणसाला शहाणे करते, या समजुतीवर पंचतंत्राचा सारा डोलारा उभा आहे. विष्णुशर्म्याने अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी मुलांना कथांच्या द्वारे शहाणे करण्याचे पत्करले, अशी त्याची प्रस्तावना सांगते. त्याच ग्रंथाच्या पहिल्या तंत्रात नेमकी कथा जाणणारा नेमक्या तशाच कपटाने मरतो. ग्रंथाने आपल्याच प्रतिज्ञेवर केलेले हे भाष्य आहे. ते हेतुपूर्वक असेल वा नसेल, परंतु ते संहितेत आहे, आणि पंचतंत्राला केवळ धूर्ततेचा गौरव म्हणणाऱ्यांनी त्याचा हिशेब द्यावयास हवा.

५

येथवर मांडलेल्या भेदाची खरी कसोटी तिसऱ्या तंत्रात, काकोलूकीयात, लागते. कारण येथे सद्गुणावर आघात करणारे कपट ग्रंथाच्या मान्य पक्षाकडून होते.

घुबडे रात्री छापा घालून कावळ्यांचा संहार करतात. मेघवर्णाचा वृद्ध मंत्री स्थिरजीवी एक बेत रचतो. आपल्याच लोकांकडून पिसे उपटवून घेऊन, रक्ताने माखून तो वडाखाली पडून राहतो आणि घुबडांचा राजा अरिमर्दन याला शरण जातो. घुबडांच्या मंत्र्यांत वाद होतो. एकटा रक्ताक्ष म्हणतो, याला मारा. बाकीचे शरणागताच्या रक्षणाचा पक्ष घेतात. काही पाठांत या प्रसंगी त्यांच्यापैकी एक कपोताची प्रसिद्ध कथा सांगतो. दारी आलेल्या पारध्याची, आपल्या मादीला पकडणाऱ्या शत्रूची, भूक भागविण्यासाठी त्या कपोताने स्वतःला अग्नीत झोकून दिले. महाभारताच्या शांतिपर्वातही हीच कथा शरणागतधर्माचा परमोच्च आदर्श म्हणून येते. तिच्याच बळावर येथे स्थिरजीवीला आश्रय मिळतो. तो गुहेच्या तोंडाशी घरटे बांधण्याच्या मिषाने काटक्या रचीत राहतो, आणि एके दिवशी, घुबडांना दिसत नाही अशा भर उजेडी, कावळे जळती लाकडे घेऊन येतात. अतिथीसाठी आगीत उडी घेणाऱ्या कपोताची कथा ऐकून ज्यांनी अतिथीला ठेवून घेतले, ते अतिथीने लावलेल्या आगीत जळून मरतात.

घुबडे निरपराध होती असे नव्हे. रात्रीच्या छाप्याचे पाप त्यांच्या माथी आहे, आणि शत्रूचा मंत्री हाती आल्याचा राजकीय लोभही त्यांच्या निर्णयात मिसळलेला आहे. सौप्तिकपर्वाच्या आरंभी अश्वत्थामा झोपलेल्या कावळ्यांना मारणारे घुबड पाहतो आणि त्यावरून पांडवांच्या झोपलेल्या सैन्यावर छापा घालण्याचे त्याला सुचते. त्या दृश्याची आठवण ठेवून वाचले तर कावळ्यांचा सूड न्याय्य वाटू लागतो. तरीही मूळ प्रश्न शिल्लक राहतो : वाचण्यासाठी घुबडांना काय सोडावे लागले असते? शरणागताला न मारण्याचा धर्म. दुबळ्या पक्षाचे कपट असूनही हे सशाचे कपट नाही. त्याच्या कुळात बगळाच आहे. आणि हे दुसरा कोणी म्हणावयाची गरज नाही. विजयानंतर आपल्या राजाला आपला वृत्तांत सांगताना स्थिरजीवी स्वतःच्या उपमेसाठी कोणती कथा निवडतो? बेडकांच्या राजाला पाठीवरून हिंडविणाऱ्या आणि हळूहळू बेडूक गिळणाऱ्या म्हाताऱ्या मंदविष सापाची. तो स्वतःला ससा म्हणवीत नाही. आपले स्थान कोणत्या वर्गात आहे हे त्याला ठाऊक आहे.

ग्रंथाची अस्वस्थता आणखी एका ठिकाणी दिसते. सल्ला डावलला गेल्यावर रक्ताक्ष आपल्या माणसांना घेऊन निघून जातो आणि वाचतो. घुबडांत शहाणा तेवढा एकच होता, असे प्रशस्तिपत्र त्याला देतो तो स्थिरजीवीच. पण रक्ताक्षाचे शहाणपण मान्य करणे म्हणजे आर्ताला दाराशीच मारावे हे मान्य करणे होय. ग्रंथ हे मान्य करतो, आणि त्याच ग्रंथात कपोताची कथाही तिच्या पूर्ण तेजाने राहू देतो. दोहोंपैकी एकही तो खोडून टाकीत नाही. कपटी शरणागत हा केवळ एका शत्रूला मारीत नाही, तो पुढच्या प्रत्येक खऱ्या शरणागताचे दार बंद करतो. काकोलूकीयातील आगीत गुहेबरोबर हा धर्मही जळतो, आणि विजयाच्या वर्णनातही त्याचा धूर जाणवत राहतो.

याउलट ॲना डिसूझाने सांगितलेल्या सुसर आणि कोल्हा यांच्या कथेतील आग पाहावी. सुसर कोल्ह्याला खाण्यासाठी त्याच्याच बिळात घुसून दबा धरते. कोल्हा मोडलेले दार पाहून बाहेरच थांबतो, ‘घरा, तू रोज ओ देतोस, आज का देत नाहीस?’ अशा अर्थाचे काही बोलून आतल्या सुसरीला बोलते करतो, आणि मग सुक्या लाकडांनी तोंड बुजवून आग लावतो. बोलणाऱ्या घराची ही युक्ती पंचतंत्राच्याही काही पाठांत आहे, आणि तेथे ती कथा सांगणारा नेमका रक्ताक्ष आहे. एका कथेत घरात शिरलेला मारेकरी जळतो, दुसरीत घरात घेणारा यजमान जळतो. दोन्ही ठिकाणी काटक्या त्याच, आग तीच, आणि दोन्ही ठिकाणी मरणाऱ्याला बळाने मारलेले नाही. तरी लहान मूल पहिली कथा हसत ऐकते, आणि दुसरी ऐकून ‘पण त्यांनी त्याला घरात घेतले होते ना?’ असा प्रश्न विचारू शकते. समीक्षेने त्या प्रश्नाची बाजू घेतली पाहिजे.

६

परंपरेने या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांपैकी दोन येथे नोंदवावीशी वाटतात. पहिले उत्तर भारताबाहेर मिळाले. खुस्रो अनुशिर्वान याच्या कारकिर्दीत, सहाव्या शतकात, बुर्झोय याने पंचतंत्र पेहलवीत नेले, आणि तेथून आठव्या शतकाच्या मध्यास इब्न अल्-मुकफ्फा याने ते ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत आणले. पंचतंत्राचे पहिले तंत्र संजीवकाच्या मृत्यूने व पिंगलकाच्या शोकाने संपते, आणि दमनक मंत्रिपदावर राहतो. अरबी ग्रंथात मात्र एक संपूर्ण नवे प्रकरण येते : दिम्नाची चौकशी होते, साक्षी पुढे येतात, अपराध सिद्ध होतो, आणि त्याला मृत्युदंड मिळतो. जुन्या सिरियाक भाषांतरात हे प्रकरण नाही, म्हणून ते इब्न अल्-मुकफ्फा याची भर असावे असे सामान्यतः मानले जाते. दमनकाला मोकळे सोडणे एका थोर भाषांतरकाराला सहन झाले नाही, असा याचा सरळ अर्थ आहे. साहित्यदृष्ट्या ही भर मूळच्या शेवटाइतकी प्रखर नाही. मूळ ग्रंथ न्याय देत नाही, आणि त्यामुळेच न्यायाची उणीव वाचकाच्या मनात घर करून राहते. परंतु वाचकांच्या एका मोठ्या परंपरेने त्या उणिवेचे काय केले, याचा हा मौल्यवान पुरावा होय.

दुसरे उत्तर आपल्याच घरात, शांतिपर्वात, आहे. जाळ्यात अडकलेला लोमश मांजर आणि इतर शत्रूंनी घेरलेला पलित उंदीर एकमेकांशी करार करतात. उंदराने जाळे तोडावयाचे आणि मांजराने त्याला आश्रय द्यावयाचा. उंदीर करार पाळतो, पण जाळ्याचा शेवटचा धागा तो पारधी दृष्टीस पडेपर्यंत तोडीत नाही. मुक्त झालेल्या मांजराला त्या क्षणी पळण्यावाचून गत्यंतर नसते. पुढे मांजर मैत्रीची गोड भाषा बोलू लागते तेव्हा उंदीर ती नम्रपणे नाकारतो. येथे कोणी मरत नाही. उंदराने रक्ताक्षाप्रमाणे दार बंद केले नाही आणि कपोताप्रमाणे सर्वस्व अर्पण केले नाही. त्याने विश्वासाला काळाची मर्यादा घातली आणि त्या मर्यादेत तो अक्षरशः पाळला. घातक कपटाच्या कथांना परंपरेने दिलेले सर्वांत प्रगल्भ उत्तर प्रस्तुत लेखकाच्या मते हेच आहे.

या विवेचनातून अभ्यासाच्या पद्धतीविषयी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी, की कल्पनाबंधांची सूची हे शोधाचे आरंभस्थान आहे. कोणत्या कथा एकमेकींजवळ ठेवून वाचाव्यात हे ती सांगते, त्यांत भेद कोठे आहे हे सांगणे तिचे काम नव्हे. दुसरी अशी, की प्राणिकथेचे तात्पर्य तिच्या शेवटी लिहिलेले नसते. कथा कोणाच्या मुखी आहे, कोणाच्या कानी पडते आहे, आणि मरणाऱ्याच्या दुर्गुणावर आघात होतो आहे की सद्गुणावर, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून तात्पर्य काढणे म्हणजे दमनकाप्रमाणे कथा वापरणे होय. ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ हे वाक्य सशाने म्हटले तर ते खरे आहे. तेच वाक्य दमनकही म्हणतो, आणि उंटाभोवती जमलेले सेवकही म्हणू शकतील. वर्गात ही कथा शिकविताना आपण ते कोणाच्या आवाजात उच्चारीत आहोत, एवढे तरी शिक्षकाने स्वतःस विचारून पाहावे.